सात नंबरची चौदा मिनिटं

९ जून

लाडके घोरपडी,

मावशीचा आशीर्वाद. चिडून फाडायच्या आधी पत्र पुरतं वाच.

काल भावजी येऊन गेले. तू शाळेतली आठ वर्षांची पक्की नोकरी सोडलीस आणि बत्तिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलंस, हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. मला एका कानाने ऐकू येत नाही, चारही कानांनी नाही असं थोडंच आहे! फोनवर मात्र माझं खरंच जमत नाही, समोरचा ओरडतो आणि मी उगाच हो हो म्हणते. म्हणून हे पत्र. "तुमचं ऐकेल ती, तुम्हीच लिहा," असं भावजींनी बजावलंय.

तर लिहिते. उपयोजित गणित म्हणे! म्हणजे आजवर शिकवलंस ते बिनउपयोगाचं होतं का? कॉलेजच्या माहितीपत्रकावर "नोकरीसाठी सज्ज करणारा अभ्यासक्रम" असं छापलंय, भावजींनी खिशातून काढून दाखवलं. अगं, हातातली नोकरी सोडून नोकरीसाठी सज्ज व्हायचं, हा कुठला उफराटा कारभार?

मी बारावीवर डेपोत ड्यूटी-क्लार्क म्हणून चिकटले. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर, कुठली कंडक्टर, किती वाजता सुटायचं, शेवटच्या थांब्यावर किती वेळ उभं राहायचं, तो अख्खा तक्ता एकोणतीस वर्षं पट्टी, पेन्सिल आणि खोडरबरावर काढला. निरोपाच्या दिवशी साहेब भर सभेत म्हणाले, "बाईंच्या तक्त्यात एकही खोटी नोंद सापडायची नाही." ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. मला पदवी लागली नाही. तुला दुसरी कशाला?

लहानपणी खिडकीचा गज धरून बसायचीस, सोडवायला दोन माणसं लागायची, म्हणून तर घोरपड नाव पडलं. या वेळी स्वतःच सोड.

तुझी मावशी


२० जून

मावशी,

फाडलं नाही. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले.

बाबांच्या तोंडचं तू लिहावंस? बरं, मग माझं ऐक. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मी तेच गणित घातलं: एका नळाने टाकी सहा तासांत भरते, दुसऱ्याने आठ तासांत रिकामी होते. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, मग तो दुसरा नळ दुरुस्त का नाही करत?" सगळा वर्ग हसला. आणि मी काय म्हणाले? "परीक्षेत हे येणार नाही, खाली बस." ती बसली बिचारी. मला घरी येऊन स्वतःचीच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. आठ वर्षं मी टाक्या भरल्या आणि रिकाम्या केल्या, मावशी. मला आता नळ दुरुस्त करायचं गणित शिकायचंय.

आणि हो, नोकरीसाठीच शिकतेय. त्यात लाजायचं काय? बाबांना वाटतं गणित म्हणजे एक तर शिक्षकी, नाहीतर वेड. इथे दुसऱ्या वर्षी चार महिने खऱ्या ठिकाणी जाऊन खरा प्रश्न सोडवावा लागतो, त्यावर अहवाल, त्यावर तोंडी परीक्षा, मग पदवी. मला तेच हवंय.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खोली घेतलीय. इस्त्रीच्या टेबलावर अभ्यास करते. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं उभी राहिली, त्यांना वाटलं मी शिकवायला आले! हसतील त्यांचे दात दिसतील. मी परत येणार नाही. हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

घोरपड (गज सोडलेला नाही)


४ डिसेंबर

घोरपडी,

ताईकडून कळलं. कॉम्प्युटरच्या पेपरात आपटलीस. सहा महिने मला एक ओळ नाही, आणि नापास झालीस ती बातमी मात्र घरोघर पोचली.

भावजी तर तुझी ट्रंक आणायला निघालेच होते. मी म्हटलं, बसा. पहिला तक्ता मी केला तेव्हा एकाच ड्रायव्हरला सकाळी सहा दहाला दोन गाड्यांवर लावला होता. तो बिचारा डेपोत मधोमध उभा राहून विचारत होता, "बाई, उजवीकडे अर्धा जाऊ की डावीकडे?" आठवडाभर हसले सगळे. मग मी घरी गेले का? नाही गेले. दुसऱ्या दिवशी नवं खोडरबर घेऊन आले.

तू जायला नको होतंस हे माझं मत कायम आहे. पण गेलीस ना, मग आता मध्येच पाय काढलास तर माझ्याशी गाठ आहे. पेपर परत दे.

मावशी


११ जुलै

मावशी, पास! त्या पेपरात सत्तर. सत्तर गं! तुझं पत्र मी टेबलावर चिकटवून ठेवलं होतं, "माझ्याशी गाठ आहे" वर लाल रेघ मारून.

आता खरी बातमी. चार महिन्यांच्या कामासाठी मला कुठे पाठवलंय ओळख. बस कंपनी! तुझाच डेपो, तुझीच ड्यूटी-रूम, खिडकीखाली तुझंच लाकडी टेबल. त्यावर आता तुझ्या हाताखाली शिकलेला क्लार्क बसतो आणि तुझं नाव काढलं की अजून सरळ होऊन बसतो.

काम असं: तुझा हाताचा तक्ता कॉम्प्युटरला शिकवायचा आणि कमीत कमी गाड्यांत तेवढ्याच फेऱ्या बसवायच्या. आमच्यात दोन प्रकारची बंधनं असतात. एक कडक, म्हणजे काही झालं तरी मोडायचं नाही, जसं एक ड्रायव्हर दोन गाड्यांवर नाही (तुझी आठवण झाली). दुसरं मऊ, म्हणजे मोडलं तर चालतं, पण दंड म्हणून काही गुण कापायचे. कुठलं कडक आणि कुठलं मऊ हे ठरवणं, हीच सगळी विद्या. म्हणून मला तुझ्या जुन्या वह्या हव्यात, कारणांसकट. पाठवशील?

घोरपड


१९ जुलै

वह्या पार्सलने निघाल्या, एकूण नऊ. हात धुऊन उघड.

प्रत्येक फेरीपुढे शेवटच्या रकान्यात कारण लिहिलंय. थांबा लांबवला तर का, फेरी तोडली तर का. कारणाशिवाय मी एक मिनिट कुणाला दिलं नाही. पोस्टात देताना हात जड झाला होता, हे कुणाला सांगू नकोस.

आणखी एक सांगते. तक्ता कितीही हुशारीने केलास तरी गाडीवर जाणाऱ्या सगळ्यांच्या सह्या खाली होईपर्यंत तो लागू होत नाही. जुना नियम आहे. साहेब लोक विसरतात.

भावजींना तुझे सत्तर सांगितले. म्हणाले, "शंभरातले का?" पण सांगताना मिशीत हसले.

मावशी


२ सप्टेंबर

मावशी, बसून वाच. तुझी चूक सापडली!

एकोणतीस वर्षांत एक! सात नंबर, शेवटचा थांबा. तिथे तू प्रत्येक फेरीला चौदा मिनिटं ठेवलीस. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "वळण अवघड, गाडी मागे घ्यावी लागते." अगं, तो रस्ता दोन वर्षांपूर्वी रुंद झाला! नकाशा काढून पाहिला. आता पाच मिनिटं भरपूर. दिवसाच्या अडतीस फेऱ्या, प्रत्येकी नऊ मिनिटं, म्हणजे रोज पाच तास बेचाळीस मिनिटं गाडी नुसती उभी. ते काढलं तर अख्खी एक गाडी वाचते. सगळ्या तक्त्यात एवढं मोठं घबाड दुसरीकडे कुठेच नाही.

नियोजन अधिकारी एवढे खूश झाले की मला समोर बसवून म्हणाले, "अहवाल याच आकड्यावर उभा करा. नोकरीचं पत्र टाइप करून ठेवलंय, सही तेवढी बाकी आहे." नोकरी, मावशी! बाबांना अजून सांगू नकोस, पत्र हातात आलं की मी स्वतः सांगणार आणि त्यांचा चेहरा बघणार.

तू रागावणार नाहीस ना? रस्ता नंतर बदलला, त्याला तू काय करणार.

घोरपड


८ सप्टेंबर

पत्र पोचलं. तुम्ही शिकलेल्या, तुमचं बरोबर असेल. नोकरी मिळते आहे हे चांगलं झालं. सध्या डोळे दुखतात म्हणून जास्त लिहीत नाही.

मावशी


२९ सप्टेंबर

मावशी,

"तुम्ही शिकलेल्या"? तीन आठवडे मी त्या दोन ओळींवर तणतणतेय. वाटलं, हिला माझं यश बघवत नाही. बाबांची मेहुणी शोभतेस, असंही मनात म्हणाले. मग आमच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी अहवाल वाचला आणि एकच विचारलं, "त्या थांब्यावर तुम्ही स्वतः किती वेळा गेलात?" एकदाही नाही. नकाशा बघून लिहिलं होतं सगळं.

काल गेले. सात नंबरने, डेपोपासून एक तास पन्नास मिनिटं. शेवटी पत्र्याची शेड, सिमेंटचं गोदाम आणि रस्ता एवढा मोठा की गाडी एका दमात वळली. मी वही काढून खूण केली. कंडक्टरने विचारलं, "ऑफिसातल्या का? वेळ मोजताय?" म्हटलं, हो. "मग माझ्याबरोबर चालत मोजा," असं म्हणून ती टेकाडावर सुटली. मी मागे. वर एक दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरबाई मागचं स्वच्छतागृह वापरू देतात. त्या थांब्यावर दुसरं काहीच नाही. पुरुष गोदामाच्या भिंतीमागे जातात.

चढायला चार मिनिटं लागली. दाराला कुलूप, किल्ली आत पेशंट असताना मागायची. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, पाच मिनिटं दिली तर? म्हणाली, "पाच मिनिटांत मी इथे वर असेन आणि गाडी खाली सुटलेली असेल. मग काय, पाणीच प्यायचं नाही दिवसभर. आधीच्या बायका तेच करायच्या." खाली पोचलो तेव्हा बरोबर चौदा मिनिटं झाली होती. एकही मिनिट इकडेतिकडे नाही.

तुला माहीत होतं. आणि मी चूक चूक म्हणून नाचत असताना तू डोळे दुखतात म्हणून लिहिलंस! का?


४ ऑक्टोबर

घोरपडी,

चार जायला, चार यायला, सहा आतली. मी स्वतः घड्याळ धरून तीनदा चढले होते ते टेकाड.

एकोणीस वर्षं झाली. तेव्हा तिथे पाचच मिनिटं होती. माझ्या शेजारी बसून डबा खाणारी एक कंडक्टर होती, खूप बोलकी, सगळ्यांच्या नकला करायची. सात नंबरवर दोन वर्षं होती. पाणी प्यायचीच नाही. एक दिवस गाडीतच कोसळली. अकरा दिवस हॉस्पिटलात, मूत्रपिंड निकामी होता होता वाचलं आणि नोकरी सुटली ती सुटलीच. मी खरं कारण लिहून वेळ वाढवून मागितली, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा साहेबांनी माझा अर्ज बैठकीत मोठ्याने वाचला. "आता तक्त्यात बायकांची लघवीही लिहायची का?" सगळे हसले. मी कागद घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी रकान्यात लिहिलं, "वळण अवघड." दुपारपर्यंत मंजूर! गाडीला वळायला जागा लागते हे सगळ्यांना पटतं गं.

तर ही माझी खोटी नोंद. आणि ज्या साहेबांनी निरोपाला "एकही खोटी नोंद नाही" म्हटलं, ते तेच साहेब. मी हार गळ्यात घेऊन गप्प बसले होते. तू चूक म्हणालीस तेव्हा खरं सांगायचं तर ते वाक्य हातातून जाणार होतं. म्हणून डोळे दुखले. झालं समाधान?

आता नीट ऐक. यात पडू नकोस. अहवाल दे, सही घे, पदवी घे. एकदा आत खुर्चीवर बसलीस की हळूच ती मिनिटं परत घाल, दुसरं काहीतरी कारण लिहून. मी तसंच केलं. आत्ता बोललीस तर नोकरी जाईल, पदवीला ठेच लागेल आणि भावजी ट्रंक घेऊन हजर. हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि माझं नाव कुठेही येता कामा नये. मी हात जोडते.

मावशी


९ ऑक्टोबर

मावशी,

नाही.

तुझं नाव घालणार नाही, शब्द देते. पण बाकी सगळं लिहिणार. अहवालातलं ते प्रकरण मी कालच फाडलं. चौदा मिनिटं आता कडक बंधन आहेत, आणि कारण म्हणून जे आहे तेच लिहिलंय, शुद्ध मराठीत, पान एकेचाळीसवर. अधिकाऱ्यांनी वाचून मला बोलावलं. म्हणाले, "पहिला आकडा चांगला होता. तोच ठेवा, नाहीतर पत्राचं विसरा." मी विसरले.

तू म्हणतेस हळूच घाल, दुसरं कारण लिहून. आणि मग वीस वर्षांनी दुसरी एखादी हुशार मुलगी येईल, नकाशा बघेल, तिला माझी चूक सापडेल आणि ती नाचेल. तू खोटं लिहिलंस म्हणून मी रागावले नाही. तुला दुसरी वाटच ठेवली नव्हती त्यांनी. पण त्या खोट्यामुळेच मी ती मिनिटं काढायला निघाले होते ना? माझ्याच हाताने!

मी एकदा एका मुलीला "खाली बस" म्हणाले आहे. आता स्वतःला म्हणणार नाही. तोंडी परीक्षा बारा नोव्हेंबरला. नापास केलं तर करू देत.

घोरपड


१६ नोव्हेंबर

मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे तू रागावलीस. तरी सांगते.

टेबलापलीकडे तिघं: आमच्या मॅडम, बाहेरून आलेले परीक्षक आणि कंपनीतर्फे आपले नियोजन अधिकारी. चाळीस मिनिटं सगळं गोड चाललं होतं. मग परीक्षक पान एकेचाळीसवर आले. "हे बंधन कडक कशाला? मऊ करा, दंड लावा, उत्तर किती सुधारतं बघा." म्हटलं, "लावते सर. एका बाईने दिवसभर पाणी न पिण्याचा दंड किती धरू? आकडा तुम्ही सांगा, मी आत्ता चालवून दाखवते." लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो परत माझ्याकडे वळवला.

अधिकारी म्हणाले, "म्हणजे जुन्या बाईंनी एकोणीस वर्षं खोटी नोंद ठेवली होती तर." मी नाव घेतलं नव्हतं, मावशी, त्यांनीच ओळखलं. मी म्हटलं, "नोंद खोटी होती साहेब. चौदा मिनिटं खरी होती." मॅडमनी चष्मा काढून पुसला.

पास झाले. पहिला वर्ग दोन गुणांनी हुकला, ते दोन गुण कुणी कापले ते मला ठाऊक आहे. नोकरीचं पत्र खणातच राहिलं. बाबांचा निरोप आला: शाळेचं दार अजून उघडं आहे. असू दे उघडं, वारा येईल! रुग्णवाहिका शहरात कुठे कुठे उभ्या ठेवाव्यात हे काढायला एका संस्थेला माणूस हवाय. पाच डिसेंबरला मुलाखत आहे, एका दिवसाचा प्रवास. मिळाली तर मिळाली, नाहीतर दुसरी शोधेन.

तुझं ते वाक्य माझ्यामुळे गेलं. त्याचं मला वाईट वाटतं. बाकी कशाचंच नाही.

घोरपड


५ डिसेंबर

घोरपडी,

दचकू नकोस, खोलीत चोर शिरला नव्हता. मी आले होते. खालच्या सायकलवाल्याने किल्ली दिली. तुझ्या इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहितेय. तू मुलाखतीला गेलीस हे मला माहीत होतं, मुद्दाम आजचाच दिवस धरला. तू असतीस तर मला हे जमलं नसतं.

रागावले नव्हते. दीड-दोन महिने लिहायला बसायचे आणि कागद तसाच राहायचा.

सकाळी डेपोत गेले. नवा तक्ता भिंतीवर लागलाय, तुझा, कॉम्प्युटरचा, खोडरबराचा डाग कुठेच नाही. क्लार्क उठून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी सात नंबरला पाच मिनिटं घालूनच तक्ता छापला होता. पण त्या तुझ्या कंडक्टरने बाकीच्यांना गाठलं आणि सव्वीस बायकांनी सही करायला नकार दिला. नऊ दिवस तक्ता नुसता कागद होता! शेवटी चौदा परत आली.

मी चष्मा लावून शेवटचा रकाना पाहिला. सगळ्या फेऱ्यांपुढे कारण छापलंय. सात नंबरपुढे काहीच नाही. कोरं. खोटं लिहायची सोय राहिली नाही आणि खरं लिहायची त्यांना लाज वाटली.

मी पर्समधून पेन काढलं. क्लार्क घाबरला. "बाई, असं करू नका, तुम्हाला आता अधिकार नाही." मी म्हटलं, "खोटं लिहिलं तेव्हा होता. तेव्हा कुणी विचारलं नाही." आणि लिहिलं: "बायकांना लघवीला जाण्यासाठी. चार जायला, चार यायला, सहा आत." खाली सही केली, पूर्ण नावाची, आजची तारीख घालून.

मग सात नंबरमध्ये बसले. निघताना पोटभर पाणी प्यायले आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टरच्या मागे ते टेकाड चढले. मला आता वर जायलाच सहा मिनिटं लागतात. धापा टाकत खाली आले तेव्हा चौदा कधीच होऊन गेली होती. गाडी थांबली होती.

तुझी मावशी